गाण्यांचा डबा फुगतो तेव्हा...

‘अगं, याचं झाकण बसत नाहीये बघ,’ म्हणत सासूबाईंनी त्यांचा गाण्यांचा डबा माझ्यापुढे धरला. सकाळची वेळ. एका शेगडीवर पोळ्या, दुसरीवर भाजी, लेकीची ८.१७ची फास्ट, ह्यांचा डबा. ‘आई, संध्याकाळी बघते हं,’ असं म्हणून मी तो फ्रिजवर ठेवून दिला. ठेवताना एवढंच जाणवलं, की तो सपाट बसत नाहीये, डुगडुगतोय.

संध्याकाळी चष्मा लावून नीट पाहिलं आणि पोटात गोळाच आला. मागचं झाकण चांगलं बोटभर वर आलं होतं. ते उघडू नये म्हणून आईंनी केसांचा रबर बँड दुहेरी करून वरून आवळला होता.

‘आई, कधीपासून आहे हे असं?’

‘झाले की पंधरा दिवस. बांधलं की गातो नीट. तू आपली उगाच घाबरतेस.’

हा डबा म्हणजे काय, ते तुमच्यापैकी बऱ्याच जणींना सांगायला नको. जुनी भावगीतं, अभंग, नाट्यगीतं आधीच भरून मिळतात आणि रेडिओही लागतो, असं ते छोटं यंत्र. सासरे गेले त्या वर्षी नणंदबाईंनी आणून दिलं. तेव्हापासून आईंची रात्र त्याच्याच सोबतीनं सरते. दोन-अडीचला जाग येते, मग झोप नाही. घरातल्या कुणाला त्रास नको म्हणून डबा उशीखाली, आवाज अगदी बारीक. आणि हो, चार्जरची वायरही लावलेलीच. ‘म्हणजे सकाळी कसा पोटभर जेवलेला असतो!’ हे त्यांचं म्हणणं. त्यांना तसं शिकवलं होतं कोणी? तर मीच!

‘ताई, तुमचे नियम जुन्या बॅटरीचे’

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन डोंबिवली स्टेशनजवळच्या एका दुकानात गेले. दुकान कसलं, दोन माणसं उभी राहिली तर तिसरा बाहेर. तिथले काका पूर्वी टेपरेकॉर्डर आणि ट्रान्झिस्टर दुरुस्त करायचे, आता मोबाइल करतात. त्यांनी रबर बँड कापला मात्र, झाकण टुणकन उडालं. आत जुन्या मोबाइलमध्ये असायची तशी चपटी बॅटरी होती. चपटी कसली, तेलात टाकलेल्या पुरीसारखी टम्म फुगलेली. काकांनी ती हलक्या हाताने बाहेर काढली आणि बाजूच्या वाळूच्या डब्यात ठेवून दिली.

‘उशीखाली ठेवत होता म्हणता? नशीब समजा, ताई.’

मग त्यांनी विचारलं, चार्जिंग कसं करता? मी शाळेत उत्तर द्यावं तसं अभिमानाने सांगितलं. पूर्ण संपल्याशिवाय लावायचं नाही. लावलं की रात्रभर काढायचं नाही. आणि बॅटरी उतरू नये म्हणून कायम भरलेली ठेवायची.

काका हसले. म्हणाले, ‘ताई, तुमचे नियम चुकीचे नाहीत. फक्त ते वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या बॅटरीचे आहेत.’

घरी येताना रिक्षात तेच वाक्य डोक्यात घोळत होतं. आपण लोणच्याचा, पापडाचा नियम आजीकडून घेतो, कारण कैरी तीच आणि मीठही तेच. पण बॅटरी मधल्या काळात बदलली. आपल्याला कोणी सांगितलंच नाही.

सेल उन्हात घालायचे दिवस

माझं माहेर कल्याणचं. लहानपणी घरात एक मोठा ट्रान्झिस्टर होता. आकाशवाणी मुंबईचं ‘वनिता मंडळ’, ‘आपली आवड’ हे सगळं त्याच्यावरच. निवेदकाचा आवाज घोगरा व्हायला लागला, की आई म्हणायची, ‘सेल उतरले वाटतं.’ मग ते चार मोठे सेल गच्चीवर पापडांच्या शेजारी उन्हात पडायचे. गंमत म्हणजे संध्याकाळी ट्रान्झिस्टर पुन्हा थोडा वेळ बोलायचा. यात जादू नव्हती. उष्णतेने सेलमधली रासायनिक क्रिया जरा वेगाने होते आणि उरलीसुरली शक्ती बाहेर पडते, एवढंच. नवी शक्ती काही भरली जात नव्हती. भावाकडे वॉकमन आला तेव्हा तो पेन्सिल सेल दातांनी चावून दाबायचा. तोही उरलंसुरलं काढण्याचाच प्रकार. तेव्हा हसायचो, पण चावलेला सेल फुटून आतलं रसायन तोंडात जाऊ शकतं, हे आता कळतं.

मग आले पुन्हा चार्ज करता येणारे पेन्सिल सेल. निकेल-कॅडमियमचे. त्यांची एक खोड होती. अर्धेच वापरून वारंवार चार्ज केले, तर त्यांना तेवढ्याचीच सवय लागायची आणि पुढची शक्ती मिळेनाशी व्हायची. म्हणून नियम झाला : पूर्ण संपू द्या, मगच चार्ज करा. शिवाय त्यांचे साधे चार्जर इतके संथ, की पूर्ण भरायला बारा-चौदा तास लागायचे. म्हणून दुसरा नियम : रात्रभर लावून ठेवा. दोन्ही नियम त्या सेलसाठी अगदी योग्य होते.

तिसरा नियम आम्हाला लोडशेडिंगने शिकवला. २००५ नंतरची ती वर्षं आठवतात ना? मुंबईत दिवे लखलखताहेत आणि ठाण्याच्या पुढे मात्र वेळापत्रक लावून अंधार. मिक्सरवर वाटण, पाणी भरून ठेवणं, इस्त्री उरकणं, सगळं वीज असेल त्या वेळेत. वीज आली रे आली, की टॉर्च, मोबाइल, रेडिओ, सगळं भराभर चार्जिंगला. त्याआधी २६ जुलै २००५ च्या पुराने तर कल्याणच्या आमच्या माहेराला धडाच दिला होता. वीज नाही, फोन नाही, खाली पाणी. बाहेर काय चाललंय हे सांगायला होता तो आईचा जुना ट्रान्झिस्टर आणि तिने कपाटात जपून ठेवलेले नवे सेल. त्या दिवसापासून ‘भरून ठेवलेलं बरं’ हे आमच्या हाडात मुरलं.

आता बॅटरी बदलली, पण मी तिन्ही नियम तसेच सासूबाईंच्या डब्याला लावले.

लिथियमचा प्रवास, डोंबिवली ते सीएसएमटी

आज मोबाइल, ब्लूटूथचा स्पीकर, कानातले इयरबड्स, गाण्यांचे डबे, जवळजवळ सगळ्यांत असते ती लिथियम-आयन बॅटरी. ती बाजारात पहिल्यांदा आणली सोनी कंपनीने, १९९१ मध्ये. ती घडवणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना, जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना, २०१९ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

तिच्या आत काय चालतं, हे लेकीने मला तिच्या भाषेत समजावलं. ‘आई, असं समज, सकाळी सगळे डोंबिवलीहून सीएसएमटीला जातात, संध्याकाळी परत येतात. बॅटरीत लिथियमचे कण तेच करतात. चार्ज करताना एका बाजूला जातात, वापरताना परत येतात.’

मला लगेच पटलं. वीस वर्षं लोकल केली आहे. बॅटरी शंभर टक्के भरणं म्हणजे डबा इतका खच्चून भरणं, की दारात लटकावं लागतं. धावते गाडी, पण ताण किती! पूर्ण रिकामी करणं हेही तिला सोसत नाही. मधली, दुपारच्या गाडीसारखी गर्दी तिला सगळ्यात मानवते. आणि गच्च भरलेल्या डब्यात मे महिन्याची उष्णता आली की काय होतं, ते आपल्याला ठाऊकच आहे. भरलेली बॅटरी आणि उष्णता, ही जोडी सगळ्यात वाईट. त्यात आतलं रसायन हळूहळू बिघडतं, वायू तयार होतो, आणि हवाबंद पाकिटात तो जाणार कुठे? पाकीट फुगतं. आईंच्या उशीखाली नेमकं हेच घडत होतं.

कितीही जपलं तरी रोज थोडे प्रवासी परत येत नाहीत, वाटेत कायमचे अडकतात. म्हणून बॅटरीचं आयुष्य मोजकंच. साधारण ३०० ते ५०० वेळा पूर्ण चार्ज झाली, की तिची ताकद मूळच्या ८० टक्क्यांच्या आसपास येते. पण यात एक सोय आहे. अर्धी-अर्धी दोनदा चार्ज केली, तर ते एकदाच धरलं जातं. म्हणजे मधेच थोडं चार्ज केलं म्हणून बिघडत काहीच नाही. उलट तेच बरं. २० टक्क्यांच्या खाली जाण्याआधी लावा, ८०च्या आसपास काढा. टक्के दिसत नसतील तर आवाज बारीक होण्याची, लाल दिवा लागण्याची वाट पाहू नका.

मग रात्रभर लावून ठेवलं तर? चांगल्या यंत्रात भरल्यावर चार्जिंग आपोआप थांबतं, त्यामुळे वीज आत ओतत राहते असं नाही. पण बॅटरी रात्रभर गच्च भरलेली राहते. उशी-पांघरुणाखाली असेल तर ऊब बाहेर पडत नाही. आणि स्वस्तातल्या यंत्रातली ती थांबवणारी यंत्रणा किती भरवशाची, कोणी सांगावं? म्हणून चार्जिंग आपण जागे असताना, डोळ्यांसमोर आणि लाकडी-फरशीच्या कडक जागेवर. गादीवर नाही, देव्हाऱ्याजवळ नाही, गॅसच्या ओट्यावर तर नाहीच नाही.

काहींना २००७ चा ऑगस्ट आठवत असेल. नोकिया कंपनीने जगभरच्या ग्राहकांना सांगितलं, की बीएल-५सी जातीच्या एका पुरवठादाराने बनवलेल्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या चार्ज करताना तापू शकतात, त्या बदलून घ्या. तेव्हा घरोघरी मोबाइल उघडून बॅटरीवरचे बारीक आकडे वाचणं चाललं होतं. पुढे सगळे ते विसरलो. पण तेव्हाची ती सवय, चार्ज होताना हात लावून बघायची, चांगली होती. किंचित कोमट चालेल. हाताला चटका बसेल इतकं तापलं, तर काढा आणि दाखवून घ्या.

चार्जर कोणाचा कोणाला?

आमच्या घरी चार्जर म्हणजे रुमालासारखे, कोणाचाही कोणीही उचलावा. मोबाइलचा मोठा चार्जर छोट्या डब्याला चालतो का? चांगल्या प्रतीचा असेल तर चालतो. यंत्र आपल्याला हवी तेवढीच वीज ओढून घेतं. धोका असतो तो रस्त्यावरच्या बिननावाच्या चार्जरचा. चार्जर आणि बॅटरी घेताना त्यावर भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह आणि ‘आर’ अक्षरापुढे नोंदणीचा क्रमांक आहे का, ते बघा. आपण सोन्यावर हॉलमार्क बघतो ना, तसंच. गोल पिनच्या जुन्या अडॅप्टरचं मात्र जपून. पिन बसली म्हणजे चालेल असं नाही. एक ५ व्होल्टचा असतो, दुसरा १२चा. दोन्हीवरचे आकडे जुळल्याशिवाय लावू नका.

आणखी एक, ज्यामुळे कितीजणी दुकानात खेटे घालतात. दोन्ही टोकांना सी टाइप पिन असलेली वायर लावली, की काही स्वस्त स्पीकर आणि डबे चार्जच होत नाहीत. ते बिघडलेले नसतात. एका टोकाला जुनं चौकोनी यूएसबी असलेली वायर लावून बघा, बहुतेक वेळा काम होतं.

कानातले मणी

लेकीच्या कानात ते पांढरे मणी असतात. मी त्यांना मणीच म्हणते. डोंबिवली ते सीएसएमटी सव्वा तास जाताना, सव्वा तास येताना. वर्षभरात तक्रार सुरू, ‘उजवा लवकर बंद पडतो.’ एवढ्याशा मण्यात बॅटरी ती केवढी असणार? ती रोज रिकामी होते आणि डबीत ठेवली की पुन्हा भरते, म्हणून लवकर थकते. एकाच कानात घालून सतत फोनवर बोलायची सवय असेल, तर तोच मणी आधी दमतो. आलटून पालटून वापरा.

पावसाळ्यात आणि घामाच्या दिवसांत कानातून काढल्यावर आधी कोरड्या मऊ कापडाने पुसा, मगच डबीत. ओले ठेवले तर चार्जिंगचे ते सोनेरी ठिपके काळे पडतात आणि आपण म्हणतो, ‘चार्जच होत नाही!’ कोरड्या कापसाच्या काडीने हलकेच साफ करा. भिजले तर तांदळात पुरू नका, तांदळाची पूड छिद्रांत जाते. पुसून पंख्याखाली ठेवा, पूर्ण वाळल्याशिवाय चार्ज करू नका.

वापरात नसलेली वस्तू कपाटात टाकताना निम्मी चार्ज करून टाका आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा बघा. पूर्ण रिकामी ठेवलेली बॅटरी काही महिन्यांत इतकी खाली जाते, की मग चार्ज व्हायलाच नकार देते.

मग अडीअडचणीचं काय? १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमाराला मुंबई-ठाणे परिसरातली वीज एकदम गेली. कळवा-पडघा उच्चदाब वाहिन्यांमध्ये बिघाड झाला होता. लोकल जागच्या जागी थांबल्या. लॉकडाऊनचे दिवस, घरोघरी ऑनलाइन शाळा आणि ऑफिस. त्या दिवशी ज्यांचे फोन २० टक्क्यांवर होते त्यांचे काय हाल झाले, विचारू नका. तेव्हा ८० टक्क्यांचा नियम हा काही उपास नव्हे, मोडला तर पाप लागायला. अतिवृष्टीचा इशारा असेल, लांबच्या प्रवासाला निघायचं असेल, तर खुशाल शंभर टक्के भरा. फक्त भरून आठवडाभर तशीच ठेवू नका.

घंटागाडीत टाकू नका

फुगलेली बॅटरी काकांनी वाळूत का ठेवली? ती दाबली, टोचली, चुरगळली तर आत ठिणगी पडून पेटू शकते. मी ती झाकण दाबून बसवायला निघाले होते, आठवलं की अजून अंगावर काटा येतो. आणि ती कचऱ्यात टाकणं म्हणजे घंटागाडीत दाबायला देणंच. आधारवाडीच्या डम्पिंग ग्राउंडच्या आगींचा धूर आम्ही कल्याणकरांनी किती वर्षं खाल्ला. ते ग्राउंड २०२१ मध्ये बंद झालं. त्या आगी बॅटरीमुळे लागल्या असं मी म्हणत नाही, पण कचऱ्यात दडलेली बॅटरी आग लावू शकते हे खरं.

२०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरून झालेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. बॅटरीवर फुली मारलेल्या कचरापेटीचं चित्र असतं, त्याचा अर्थ हाच, की ही घरच्या कचऱ्यात नको. विक्रेत्याकडे किंवा ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. देईपर्यंत तिच्या टोकांवर चिकटपट्टी लावा आणि पत्र्याच्या डब्यात वाळू घालून, मुलांपासून आणि गॅसपासून लांब ठेवा.

हे फ्रिजवर लावून ठेवा

• पूर्ण संपेपर्यंत थांबू नका. २० ते ८० टक्के उत्तम.
• झोपताना, उशीखाली, पांघरुणात चार्जिंग नको.
• उन्हात, बंद गाडीत, टीव्हीवर किंवा गॅसजवळ ठेवू नका.
• झाकण वर आलं, यंत्र डुगडुगलं, गोडसर विचित्र वास आला, की वापर बंद. रबर बँड लावू नका!
• साधे सेल चार्ज करू नका. जुने-नवे एकत्र घालू नका. रेडिओ वापरात नसेल तर सेल काढून ठेवा.
• श्रवणयंत्राच्या झिंक-एअर सेलवरची रंगीत पट्टी वापरायच्या वेळीच काढा. हवा लागली की तो सुरू होतो, पट्टी परत लावून थांबत नाही.
• बटणासारखे गोल सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. मुलाने गिळला असा नुसता संशय आला, तरी वाट न पाहता हॉस्पिटल गाठा. दोन तासांच्या आत तो अन्ननलिका जाळू शकतो.

आईंचा डबा आता बरा आहे. ह्यांचं म्हणणं होतं, ‘टाकून दे, नवा आणू.’ पण नव्या डब्यात आईंना हवी ती गाणी हव्या त्या क्रमाने असतील याची काय खात्री? काकांनी साडेतीनशे रुपयांत नवी बॅटरी घातली. आता चार वाजताचा चहा झाला, की आई स्वतःच तो स्टुलावर चार्जिंगला लावतात आणि दिवेलागणीला काढतात. रात्री तो उशीखाली नाही, उशाशी स्टुलावर असतो, बिनवायरचा.

परवा वायर काढताना म्हणाल्या, ‘काय गं, यालाही निम्मंच जेवण? माझ्यासारखं पथ्य लावलंस म्हणायचं!’

रात्री पाणी प्यायला उठले तेव्हा त्यांच्या खोलीतून बारीक आवाज येत होता. अभंग चालू होता. दार लोटून बघितलं, तर आईंना झोप लागली होती आणि डबा आपला एकटाच गात होता.